घरून होकार नाही

सोमवारी सकाळी स्वप्नानं कॉम्प्युटर लावला आणि बघते तर काय, बातमी लिहायची जागाच बदललेली. वरची रोजची बटणांची पट्टी गायब, खालची पांढरी पाटीही गायब. एक ओळ लिहून एंटर मारावं तर दुसरी ओळ वेगळ्या चौकटीत. फोटो आणखी तिसऱ्या चौकटीत. रविवारची सुट्टी बघून वेबसाइट आपली आपण अपडेट झाली होती. कुणी मागितलं होतं म्हणून विचाराल तर कुणीच नाही. चांगलं चाललेलं दिसलं की या लोकांच्या पोटात दुखतं, दुसरं काय!

रहिमतपूरच्या एसटी स्टँडामागं झेरॉक्सच्या दुकानावर 'कमंडलूकाठ' या बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक पंखा आणि मालक लालासाहेब. लालासाहेबांनी स्वप्नाच्या खांद्यावरून पडद्यात डोकावून बघितलं आणि त्यांचं टाळकं सटकलं.

"बातमी लिवायलीयास का फरशी बसवायलीयास गं?"

स्वप्नानं सांगलीच्या भरतेशला फोन लावला. वेबसाइटची सगळी कळसूत्रं त्याच्याकडं. तो हसत म्हणाला, "शिका की मॅडम नवीन. चार दिवसांत हात बसतोय." लालासाहेबांनी फोन ओढून घेतला. "आरं गड्या, हात बसंपतोर गावातली माणसं मरायची थांबत्यात व्हय?"

लालासाहेबांचं बोलणं तोंडाळ असलं तरी खोटं नव्हतं. 'कमंडलूकाठ' लोक वाचायचे ते निधनवार्तांसाठी. कोण गेलं, कधी गेलं, सावडायला किती वाजता जायचं, हे कळल्याशिवाय कोरेगाव तालुक्यातल्या कैक घरांत सकाळचा चहा गोड लागत नसे. आणि त्या निधनवार्ता आठ वर्षं लिहिल्या होत्या स्वप्नाच्या वडलांनी, आण्णांनी. आण्णा जाऊन अकरा महिने झाले होते. आता त्यांच्या खुर्चीवर स्वप्ना बसायची.

तीन दिवस ती त्या चौकटींशी झटली. सोमवार, मंगळवार, बुधवार. घरी गेली की आई, भामाबाई, दारातच विचारायची, "ऑफिसात समदं ठीक हाय न्हवं?" एरवी लेकीच्या ऑफिसाचं नावही न काढणारी बाई. बुधवारी तर तिनं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली. स्वप्नाला वाटलं, वर्षश्राद्ध जवळ आलं की माणसाचं असंच होत असणार. बौद्ध घर, त्यामुळं श्राद्ध म्हणायचं नाही. विहारात पुढच्या महिन्यात प्रथम स्मृतिदिन होता. पण मनाला शब्द बदललेले कुठं कळतात!

बुधवारी संध्याकाळी लालासाहेब निकरावर आले. "जुनं हुतं तसं कर, न्हाईतर बंद कर दुकान." भरतेशनं सांगलीत बसून काहीतरी चालू केलं, काहीतरी बंद केलं, आणि जुना एडिटर परत आला. तीच पट्टी, तीच पांढरी पाटी. स्वप्नाला एवढं बरं वाटलं की तिनं उगीच दोन ओळी टाइप करून पुसल्या.

आता एक काम ती अकरा महिने टाळत आली होती, ते तिला करायचंच होतं. ते सांगायचं तर आधी आण्णांची रीत सांगायला हवी.

आण्णांनी सुरुवातीच्या काळात एक घोळ घातला होता. शिराळ्याकडचे कुणी कोंडीबा गेल्याचं एकानं सांगितलं, आण्णांनी छापलं, आणि जीपभर माणसं मातीला जाऊन पोचली तर कोंडीबा अंगणात शेंगा फोडत बसलेले. तेव्हापासून आण्णांनी कानाला खडा लावला. कुणीही काहीही सांगो, सकाळी अकराला ऑफिसच्या फोनवरून त्या घरी स्वतः फोन करायचा आणि विचारायचं, "तुमच्याकडं कोण गेलं का?" घरच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं होय म्हणेपर्यंत बातमी लावायची नाही. होकार नाही आला तर बातमीखाली टीप लिहून ठेवायची: घरून होकार नाही, थांबणे. होकार आला की मग वय, मागं कोण कोण, आणि शेवटी एक प्रश्न: "त्यांनी केलेली एखादी गोष्ट सांगा, फकस्त त्यांनीच केल्याली." त्या एका ओळीसाठी ते अर्धा अर्धा तास फोन कानाला लावून बसत. आणखी एक. बौद्ध माणूस गेला तर 'कैलासवासी' लिहू द्यायचे नाहीत. 'कालकथित' लिहायचं. त्या एका शब्दासाठी ते लालासाहेबांशी एकदा महिनाभर बोलले नव्हते.

आणि त्या माणसाची स्वतःची निधनवार्ता? ती स्वप्नानं लिहिली. दवाखान्यातून मढं घरी आणलेलं, बाहेर माणसं जमलेली, लालासाहेबांचा फोन आला, "पोरी, तुझ्याबिगर कुणाला ते उघडाय येत न्हाई." तिनं मोबाइलवर शेवटची वार्ता काढली, कुण्या बागायतदाराची होती, त्यातलं नाव आणि वय बदललं आणि लावून दिली. बाकीचं बदलायचं राहिलं. तर आण्णा झाले कैलासवासी. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडं. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता नदीकाठी. त्यांना एकुलती एक पोरगी, आणि ती वार्तेत कुठंच नाही. गुरुवारी पंधरावीस भली माणसं खरोखर नदीवर जाऊन उभी राहिली आणि उन्हं चढल्यावर परत गेली. विहारातल्या एका म्हाताऱ्यांनी तिला एवढंच म्हटलं, "बाई, बापाला तरी नीट लिवायचं." ती लाज अशी बसली की तिनं ते पान परत उघडलंच नाही. उद्या करू, उद्या करू. पण पुढच्या महिन्यात स्मृतिदिनाला विहारातले सगळे त्या पानाचा दुवा एकमेकांना धाडणार होते. त्याआधी वडलांना नीट लिहायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

गुरुवारी सव्वाअकराला तिनं जुन्या एडिटरमध्ये ती वार्ता उघडली. पडद्यावर मधोमध एक खिडकी आली.

'आण्णा सध्या या मजकुरावर काम करत आहेत. ताबा घ्यायचा आहे का?'

स्वप्नानं माउसवरचा हात काढून घेतला. एकाच वेळी दोघांनी एक बातमी उघडली की ही खिडकी येते, हे तिला माहीत होतं. आण्णा असताना रोज यायची. ती ओरडायची, "आण्णा, सोडा की ती बातमी!" आणि पलीकडच्या टेबलावरून ते म्हणायचे, "थांब की गं जरा."

भरतेश म्हणाला, "कुठंतरी त्यांचं खातं उघडं असणार. जुना मोबाइल, लॅपटॉप, काहीतरी." मोबाइल आण्णांबरोबरच बंद झाला होता. लॅपटॉप त्यांच्याकडं कधी नव्हताच. भरतेशनं पासवर्ड बदलला, सगळीकडून त्यांचं खातं बाहेर काढलं. स्वप्नानं पान परत उघडलं. आण्णा सध्या या मजकुरावर काम करत आहेत.

"मग घ्या की ताबा," भरतेश वैतागून म्हणाला. "मशीनच हाय शेवटी."

तिनं बटण दाबलं. खिडकी गेली, मजकूर हाताशी आला. तिनं कालकथित लिहिलं, रक्षाविसर्जन काढलं, दोन मुलगे काढले, पत्नी भामाबाई व कन्या स्वप्ना असं लिहिलं. प्रसिद्ध केलं. मोबाइलवर उघडून दोनदा वाचलं. छातीवरचा धोंडा उतरला म्हणायचा.

शुक्रवारी दुपारी बघते तर परत कैलासवासी. परत दोन मुलगे, परत नदीकाठी नऊ वाजता. आणि परत तीच खिडकी.

तिला आधी रागच आला. लालासाहेबांनी हात लावला म्हणावा तर त्यांना मोबाइलचा आवाज कमी करता येत नव्हता. मग तिला आठवलं, जुना एडिटर प्रत्येक बदल जपून ठेवतो, कोणी केला आणि किती वाजता केला यासकट. तिनं आधीच्या आवृत्त्यांची यादी उघडली आणि ती खाली खाली जातच राहिली. दोनशे ऐंशीच्या वर आवृत्त्या होत्या. सगळ्यांवर नाव आण्णांचं. सगळ्यांची वेळ अकरानंतरची, अकरा सात, अकरा नऊ, अकरा बारा. वार्ता लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक, रविवार सोडून. रविवारी ऑफिसला सुट्टी. आणि चालू आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार नव्हते. तेवढेच तीन दिवस नवा एडिटर होता. आण्णांना नवं काही जमायचं नाही.

तिनं एक आवृत्ती उघडली. मजकुराखाली एक टीप होती.

'घरी फोन केला. कोणी गेले नाही असे सांगतात. घरून होकार नाही. थांबणे. उद्या पुन्हा विचारणे.'

दुसरी उघडली. तेच. पन्नासावी, शंभरावी, दोनशेवी. अक्षर न अक्षर तेच. फक्त शुक्रवारच्या आवृत्तीत एक वाक्य जास्त होतं: 'घरी न विचारता कोणी बदल केलेला दिसतो. मागे घेतला आहे.'

बाहेर स्टँडावर कंडक्टर सातारा सातारा ओरडत होता, खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, लख्ख दुपार होती. स्वप्नाला मात्र त्या खोलीत एकटं बसवेना. ती चपला हातात घेऊनच जिना उतरली.

घरी फोन केला, म्हणजे कुठल्या घरी? घर तर एकच.

शनिवारी ती डोकं दुखतंय म्हणून कामावर गेली नाही. पावणेअकराला भामाबाईनं हातपाय धुतले, पदर नीट केला आणि बटणांचा छोटा मोबाइल घेऊन उंबऱ्यावर बसली. अकराच्या ठोक्याला फोन वाजला. तिनं लगेच उचलला.

"हालो. ... न्हाई बा. आमच्याकडं कोन गेलं न्हाई. ... व्हय व्हय. ठेवते."

"कोण होतं गं आये?"

"कोन जानं. राँग नंबर आसंल. येतो रोज."

"रोज येतो आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? मधी तीन दिस न्हवता येत." एवढं बोलून भामाबाई चुलीकडं गेली.

स्वप्नानं मोबाइल उचलून नंबर बघितला. ऑफिसचा जुना फोन. लालासाहेबांनी तो गेल्या दिवाळीत कापून टाकला होता. त्याची वायर अजून खिडकीशी लोंबकळत होती. स्वप्नानं मोबाइल झटकन खाली ठेवला. आणि त्या भीतीतच तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आण्णा अकरा महिने थांबले होते. आपल्या रीतीला चिकटून, घरच्या माणसाच्या तोंडच्या एका 'होय'साठी. बिचारी आई, तिला कळत नाही कोण विचारतंय ते, आणि दुःखापोटी तिच्या तोंडून होय निघत नाही. म्हणजे हे काम आपलं आहे. वडलांना अडकवलं आपण, सोडवायचंही आपणच. रविवारचा दिवस तिनं कसा काढला तिचं तिला माहीत.

सोमवारी साडेदहालाच तिनं आईचा मोबाइल हातात घेतला. "रिचार्ज मारून देते." भामाबाई मागल्या दारी भांडी घासत होती. अकराला फोन वाजला. स्वप्नाचा अंगठा बटणावर दोनदा घसरला.

"हॅलो."

आधी पंख्याचा आवाज आला, टकटक, टकटक. ऑफिसचा तो जुना पंखा. तो तर लालासाहेबांनी उन्हाळ्यात भंगारात दिला होता. मग कुणीतरी घसा खाकरला.

"नमस्कार. कमंडलूकाठमधनं बोलतोय. तुमच्याकडं कोण गेलं का?"

आवाज आण्णांचाच. पण परक्या माणसाशी बोलायचा, अदबीचा. घरी ते असं कधी बोलत नसत. स्वप्नाला हाक मारावीशी वाटली, आण्णा, मी आहे. पण तोंडून एवढंच निघालं, "व्हय."

पलीकडं खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.

"व्हय म्हनताय?"

"व्हय. गेलेत. माझे वडील. आण्णा आकाराम."

दोन बोटांनी टाइप केल्याचा आवाज येऊ लागला. एक अक्षर, मग शोधाशोध, मग दुसरं. "कालकथित लिवायचं न्हवं, ताई?"

ताई म्हणाले ते तिला. ती ओठ आवळून रडायला लागली. "कालकथितच लिहा. मागं एकदा चुकलं होतं. माझ्याच हातनं."

"हुतं आसं, ताई. घरातलं मानूस गेल्यावर कुनाचं डोस्कं ठिकानावर आसतंय? मनाला लावून घ्यायचं न्हाई." ते सगळ्यांनाच असं म्हणायचे. तिनं शंभरदा ऐकलं होतं पलीकडच्या टेबलावरून. "मागं कोन कोन?"

"पत्नी भामाबाई. मुलगी स्वप्ना. एकच मुलगी."

टकटक. टकटक. "आनि त्यांनी केल्याली एखादी गोष्ट सांगा. फकस्त त्यांनीच केल्याली."

तिनं दोन दिवस विचार करून पाचसहा गोष्टी ठरवल्या होत्या. त्या सगळ्या डोक्यातून गेल्या. "त्यांनी माझ्या आईला चाळिशीत वाचायला शिकवलं," ती म्हणाली. "निधनवार्तांवरनं. रोज संध्याकाळी एक. मेलेल्या माणसांची नावं लावत लावत आई वाचायला शिकली."

पलीकडं अक्षरं पडत राहिली. बराच वेळ. मग आण्णा म्हणाले, "लय चांगली गोष्ट हाय. लावतो, ताई. परत तरास देत न्हाई." आणि फोन ठेवल्याचा तो जुना जड आवाज आला.

स्वप्ना भिंतीला टेकून खाली बसली. तिनं स्वतःच्या मोबाइलवर पान उघडलं. कालकथित आण्णा आकाराम. पत्नी भामाबाई, कन्या स्वप्ना. आणि शेवटी ती ओळ, तिच्या तोंडून निघाली तशीच. एडिटर उघडला तर खिडकी नाही, कुणीही कशावरही काम करत नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की हसू आणि रडू एकदमच आलं.

भामाबाई ओले हात पदराला पुसत दारात उभी होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक.

"आये, हे बघ. आण्णांचं नीट झालं. सुटले बघ ते."

भामाबाईनं मोबाइल घेतला, लांब धरला आणि बोट फिरवत एकेक शब्द लावून वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग मोबाइल लेकीच्या मांडीवर ठेवला.

"म्हंजी तू व्हय म्हनलीस."

"म्हणावंच लागणार होतं. तुला कळलं नव्हतं, पण तो फोन—"

"मला कळलं न्हवतं?" भामाबाईचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "चौतीस वरीस संसार केला म्या. पयल्या दिशी नुस्ता खाकरला तवाच वळाखला. व्हय म्हनलं तर ते लिवून मोकळं हुनार, ठावं न्हवतं व्हय मला? म्हून रोज न्हाई म्हनायची. न्हाई म्हनलं की म्हनायचे, बरं बाई, उद्या इचारतो."

स्वप्नानं आईचा हात धरला. भामाबाईनं तो ओढून घेतला नाही, पण तिच्या हातात जीवच नव्हता.

मंगळवारी पावणेअकराला भामाबाईनं हातपाय धुतले, पदर नीट केला आणि मोबाइल घेऊन उंबऱ्यावर बसली. स्वप्ना कामावर न जाता तिच्याशेजारी बसून राहिली. अकरा वाजले, साडेअकरा झाले, बारा वाजले. "आये, जेवून घे," स्वप्ना म्हणाली, तर भामाबाई म्हणाली, "तू जेव."